तिसऱ्यांदा विचारलं म्हणून

भुसावळ

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

काल फलाटावर तू चिडलीस. मैत्रिणींसमोर मी तिसऱ्यांदा विचारलं, "झोप झाली का?" तू म्हणालीस, "बाबा, मी इंजिनावर जातेय, शाळेत नाही." बरोबर बोललीस. आता तो विषय काढणार नाही.

मला इंजिनातलं काही कळत नाही. ४१ वर्षं मी रेल्वेत कागदच पाहिले, त्यातली बरीचशी सेटलमेंटच्या टेबलावर. माणूस रिटायर व्हायला आला की त्याची सर्व्हिस शीट समोर यायची. भरतीची तारीख, इन्क्रिमेंट, बदल्या, रजा, सगळं त्यात. एका कीमनची पूर्ण ३०० दिवसांची रजा शिल्लक निघाली, तेव्हा मी उठून त्याला चहा पाजला होता. हे काम मला मनापासून आवडायचं.

पण काही फायली पातळ असायच्या. पाच-सहा वर्षांची नोकरी, तिशीतला माणूस, आणि शेवटच्या ओळीत तारीख. एका गँगमनची बायको अनुकंपेच्या अर्जासाठी आली. रेशन कार्डावर नाव एक, सर्व्हिस शीटवर दुसरं. मी तिला तीनदा परत पाठवलं. नियमाने चुकलो नव्हतो, पण 'बसा' तरी म्हणायला हवं होतं गं. १९८२ साली तुझी आजी अशीच खिडकीशी उभी होती, हे मला संध्याकाळी घरी आल्यावर आठवलं. तुझे आजोबा, तात्या, फायरमन. सलग रात्रीच्या ड्यूट्या करून यार्डातून घरी निघाले होते, पोहोचले नाहीत. ७४ च्या रेल्वे संपात वीस दिवस चूल कशीबशी पेटली, तेव्हाही ते हसत होते. त्यांच्या जागी मी एकोणिसाव्या वर्षी टेबलावर बसलो.

म्हणून सांगतो, रेस्टमध्ये मोबाईल बंद ठेव. आईचा फोन आला तरी उचलू नकोस. डोळा लागतोय असं वाटलं तर शेजारच्या लोको पायलटला सरळ सांग, उभी राहा, सिग्नल मोठ्याने बोल. ताप असेल तर सिक मेमो घे. लोक काय म्हणतील हा विचार करायचा नाही.

पुन्हा भाषण झालं. माफ कर.

८ मार्च २०११ ला लोको पायलट सुरेखा यादवांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला चालवत नेली. त्याचं कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, रिटायर होताना घरी आणलं. तू तेव्हा सहावीत. दादरहून बेबीआत्याकडून परतताना कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर लागायचे, घाट चढवायला ढकलणारी जादा इंजिनं. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ. तू वळणावर खिडकीला गाल लावून मागची इंजिनं मोजायचीस आणि इगतपुरी येईपर्यंत मला झोपू द्यायची नाहीस. आता तुझं पोस्टिंग इगतपुरीलाच. परवा कॉलनीत तिघांना मी आपणहून हे सांगितलं. आई रागावली, म्हणाली दृष्ट लागेल.

दिवाळीनंतर पास काढून आम्ही येऊ. कळण्याचं पीठ वेगळं बांधलंय, शेव डब्यात आहे. रनिंग रूममध्ये डास असतील म्हणून बॅगेच्या खालच्या कप्प्यात ओडोमॉस ठेवलंय. लावून झोप. ड्यूटी संपली की फोन नको करूस, आधी झोप. उठल्यावर नुसतं 'उठले' एवढं लिही.

तुझे बाबा