घर मिळाले, पालेभाजी कुठे आहे?

संपादक महोदय,

सोलापूरजवळच्या कुंभारीतील गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची १०,००० घरे आहेत. कुंभारीतच रे नगर या कामगार वसाहतीच्या ३०,००० घरांपैकी १५,००० घरांचे हस्तांतरण जानेवारी २०२४ मध्ये झाले. एवढी वस्ती शहराबाहेर गेली, पण लक्ष्मी मंडई आणि मार्केट यार्ड शहरातच आहेत. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो गहू-तांदूळ मिळतो, त्यामुळे पोट भरते. भाजीची सोय मात्र ज्याची त्याने पाहायची.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळे लागतात. चौघांच्या घराला, मुलांचे प्रमाण कमी धरले तरी, रोज दीड किलो भाजी हवी. एकट्या गोदूताई वसाहतीचा हिशेब रोज १५ टनांवर जातो. छोटा हत्ती एका खेपेत पाऊण टन नेतो, म्हणजे रोजच्या वीस खेपा झाल्या. दोन-चार हातगाड्यांनी ही गरज भागणार नाही.

आठवडी बाजारावर हे सोडून देता येत नाही. आठवड्याची साडेदहा किलो भाजी एका बाईने उचलून आणायची कशी? आणली तरी सोलापूरच्या ४२ अंशांत मेथीची जुडी संध्याकाळपर्यंत माना टाकते. म्हणून बाजारानंतरचे दोन दिवस भाजी, आणि पुढे कांदा-बटाटा, आमटी-भात व मुलांच्या हातात पाच रुपयांची पुडी. विक्रेत्याचे गणितही समजून घ्यायला हवे. पहाटे यार्डात घेतलेला माल तो आधी शहरातल्या गल्ल्यांत विकतो. वसाहतीत पोचेपर्यंत ऊन चढलेले असते. उरलेला माल सुकला की तोटा त्याचाच, म्हणून तो पालेभाजी कमीच उचलतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

यावर स्वस्त उपाय आहे. शून्य ऊर्जा शीतकक्षाचा आराखडा भारतीय कृषी संशोधन संस्थेने कधीच तयार करून दिला आहे. त्याला वीज लागत नाही. विटांचा एकपदरी तळ घालायचा, त्यावर विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट. तळाची लांबी १६५, रुंदी ११५ आणि भिंतींची उंची साडेसदुसष्ट सेंटिमीटर. फटीत नदीची वाळू भरून ती पाण्याने भिजवायची, वर बांबूच्या चौकटीवर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे झाकण. सुमारे ४०० विटा लागतात आणि १०० किलो माल राहतो. सकाळ-संध्याकाळ वाळू, विटा आणि झाकण ओले करायचे. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरपेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरते आणि पालेभाजी दोन-तीन दिवस टिकते. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने एवढा फरक पडत नाही.

बिघडते ते या कारणांनी. वर छप्पर नसले की ऊन थेट लागते. मातकट वाळू घातली की पाणी सगळीकडे नीट झिरपत नाही. खारट बोअरच्या पाण्याने क्षार साठून विटांची छिद्रे बुजतात. पाणी भाजीवर पडले की ती कुजते, म्हणून माल छिद्रांच्या क्रेटमध्येच ठेवावा. पिकलेली केळी व टोमॅटो शेजारी असले की पाला पिवळा पडतो. कांदा तर आत ठेवूच नये, त्या ओलाव्यात तो कुजतो.

जागा आणि वेळ या दोन गोष्टी मात्र सरकारी यंत्रणेनेच द्यायला हव्यात. वसाहत महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने शहराची फेरीवाला समिती इथे कामाची नाही. ग्रामपंचायतीने आत ओटे बांधावेत, पाणी द्यावे. बाजार संध्याकाळी पाच ते आठ भरावा. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला सकाळी दहाचा बाजार उपयोगाचा नाही. २०१६ पासून राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, त्यामुळे दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटचा शेतकरी यार्डाची फेरी टाळून माल थेट इथे विकू शकतो. पणन मंडळाने संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजाराचा एक बाजार इथे द्यावा, आणि तो आठवड्यातून किमान तीनदा भरावा.

माल काय आणायचा, हेही वसाहतीकडे बघून ठरावे. इथल्या तेलुगू घरांत अंबाडीला, म्हणजे गोंगुऱ्याला, रोजचे गिऱ्हाईक आहे. मेथी, शेपू, चुका थोडा-थोडा, पण दर खेपेला ताजा यावा. गवार, दुधी, लाल भोपळा मधल्या दिवसांना पुरतात. रस्त्याकडेला शेवगा लावावा. पाणी कमी लागते, आणि शेंगा नसतात तेव्हा पाला भाजीला येतो. पालेभाजीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, एवढे अंगणवाडीताईंनी सांगितले तरी त्या भाजीतले लोह अंगी अधिक लागेल.

शीतकक्ष मात्र फेब्रुवारीतच बांधून व्हावेत. वाळू पूर्ण भिजून थंडावा धरायला वेळ जातो, आणि मार्चमध्ये ऊन तापू लागले की पहिला माल आत जायला हवा.

– आहार समुपदेशक, सोलापूर