घाटाच्या पायथ्यावरून

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

महालक्ष्म्यांना आलो नाही, फोनवर गाडी बिघडली म्हणालो, ते खोटं. गाडी ठणठणीत आहे.

चाळीसगाव सोडलं तेव्हा लख्ख ऊन होतं. लेकरांना कन्नड घाटातले धबधबे दाखवायचे म्हणून दिवसाउजेडी निघालो होतो. पायथ्याशी आलो अन् आभाळ रस्त्यावर उतरलं. वरून गढूळ पाणी, त्यात गोटे. 2021 च्या ऑगस्टातल्या दरडी आठवल्या. गाडी वळवली. नांदगाव, शिऊर बंगला, देवगाव रंगारी असा वळसा घेऊ म्हटलं, तर नांदगावच्या पुढं पुलावरून पाणी! रात्र लॉजवर काढली. खोली कोरडी होती, गरम वरणभात मिळाला, लेकरं झोपली.

सकाळी पाणी उतरलं होतं. तरी मी परत घरचा, धुळ्याचाच रस्ता धरला. धाकटीला कणकण होती, सोमवारी हजेरी होती, हे सगळं खरंच आहे. पण अण्णा, तुमचा लेक भ्याला. ज्या घाटात तुम्ही एसटी चालवली, मला बॉनेटवर बसवून, चटका लागू नये म्हणून खाली घोंगडी घालून, तिथं माझे हात कापले. तेव्हा एका वळणालाही मी डोळे मिटले नव्हते. तुम्ही शेजारी होतात ना.

आई, महालक्ष्म्यांच्या जेवणाला तू आमची ताटं वाढून ठेवलीस म्हणे. मावशीनं सांगितलं, तिला रागावू नको. आंबील अन् पुरण आम्ही नाही म्हणून तसंच ठेवलं असशील, तर आता खाऊ नको. फुलोऱ्यातली वेणी-फणी तेवढी धाकटीसाठी डब्यात ठेव, रोज विचारते.

अण्णांनी बीपीची गोळी चुकवायची नाही. चिखलात शेताकडं जायचं नाही, बैलाला गडी पाणी दाखवील. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणला. रागावून नाही सांगत गं.

शनिवारी येतो. सकाळी निघून, शिऊर बंगल्यावरूनच. लांब पडतं, डिझेल जळतं, असं अण्णा म्हणतीलच. म्हणू द्या. धपाटे मात्र कर.

तुमचा,
बाळू