पुरुमेंतासाठी (पावसाळ्याच्या बेगमीसाठी) हातभार लावा : गोव्याच्या किनारपट्टीवरील कुटुंबांसाठी मदतनिधीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

मोपाला विमानतळ आला, हरमलच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, मग आता मदत कसली मागता, असे आपलेच लोक विचारतात. गर्दी आहे, पण ती दोन दिवसांची. वाड्यावरची मागची खोली नोव्हेंबर ते मार्च भाड्याने घेणारा, महिन्याच्या बोलीने स्कूटर नेणारा, रोज किनाऱ्यावरच्या एकाच शॅकवर (झोपडीवजा हॉटेलात) जेवणारा विदेशी पाहुणा कुठे आहे? 2019 मध्ये गोव्यात सुमारे 9.37 लाख विदेशी पर्यटक आले होते. 2024 मध्ये 4.67 लाख, म्हणजे निम्मेच.

सप्टेंबर 2019 मध्ये ब्रिटनची थॉमस कूक ही पर्यटन कंपनी बुडाली. मार्च 2020 मध्ये पर्यटक व्हिसा बंद झाले, ते 2021 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. जरा सावरतो तोच युक्रेनचे युद्ध पेटले. रशियन बँकांची व्हिसा, मास्टरकार्ड ही पैसे भरायची कार्डे देशाबाहेर चालेनाशी झाली आणि मोरजीत जेवणाची बिले वहीतच राहिली. ऑक्टोबर 2023 नंतर हरमलचे इस्रायली पाहुणेही रोडावले. युद्ध कुठलेही असो, झळ टेंबवाड्यावरच्या चुलीला लागते.

टाळेबंदीत आपल्या मंडळाने पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाले), शॅकवरचे कामगार आणि खोल्या देणाऱ्या विधवा भगिनींच्या घरी पुरुमेंत पोचवले : तांदूळ, सुकी मासळी, सोलां (कोकम), मिरची. ते काही एकट्या मंडळाचे काम नव्हते. लंडनला गेलेल्या मांद्रेच्या मुलांनी पहिल्या पगारातून पैसे पाठवले. गिरगावातल्या पेडणेकरांनी वर्गणी गोळा केली. मोरजीच्या एका काकींनी चतुर्थीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम आणून दिली आणि नाव लिहू दिले नाही. काही जुन्या रशियन पाहुण्यांनी तर न राहिलेल्या खोलीचे भाडे पाठवले. या सर्वांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

गेल्या वर्षी मात्र घरोघर पत्रके वाटूनही, ज्यांचा हंगाम बरा गेला त्यांच्यातल्याच पुष्कळांनी पाठ फिरवली. याच निधीतून सावरलेली घरेही त्यात होती, याचे फार वाईट वाटले. तरीही पुन्हा त्याच दारांत येत आहोत, कारण पाऊस तोंडावर आहे आणि यादीतली नावे वाढली आहेत.

रोख, धान्य, वह्या-पुस्तके काहीही चालेल. मंडळाच्या कचेरीत रोज संध्याकाळी 6 ते 8, रविवारी सकाळीही. पावती जरूर घ्यावी. बँक खात्याचा तपशील कचेरीच्या फलकावर. परगावच्यांनी घरच्या माणसाकरवी पाठवावे. मे अखेरपर्यंत कृपया.

आपला,
चिटणीस