नागरिकत्वाच्या मंत्र्यांना खुलं पत्र: अर्जदाराची फाइल तुम्ही बघता, पण तुमचं दप्तर कोण बघणार?

प्रति,
मा. मंत्री, नागरिकत्व खातं
(देश कुठलाही असो, खुर्ची तीच)

विषय: अर्जदारांची ओळख आणि पार्श्वभूमी तपासण्याबाबत

साहेब किंवा मॅडम, जे कोण असाल ते,

आधीच क्लिअर करतो, तपासणी करूच नका असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. नागरिकत्व एकदा दिलं की काढून घेणं महाकठीण, आणि तसंच असायला पाहिजे, त्यामुळे माणूस खरंच तोच आहे का, कुठे काही कांड करून तर आला नाही ना, हे देण्याआधी बघितलंच पाहिजे. पण कुठेही घोळ बाहेर आला की तुमच्या खात्याचा उपाय ठरलेला असतो, अर्जदाराकडून आणखी चार कागद मागवा. आणि गाजलेले घोळ नीट उघडून बघितले तर काय दिसतं, चूक बऱ्याचदा सरकारच्याच कपाटात असते.

अमेरिकेचं घ्या. सप्टेंबर 2016 मध्ये तिथल्या होमलँड सिक्युरिटी म्हणजे देशांतर्गत सुरक्षा खात्याच्या स्वतःच्याच इन्स्पेक्टर जनरलने (खात्याचा कारभार तपासणारा अधिकारी) रिपोर्ट काढला की किमान 858 लोकांना नागरिकत्व दिलं गेलं ज्यांच्यावर आधी दुसऱ्या नावाने देशाबाहेर काढायची ऑर्डर निघालेली होती. आता तुम्ही म्हणाल ठसे घेतले नसतील. घेतले होते की! पहिल्यांदा पकडलं तेव्हाही घेतले आणि अर्ज केला तेव्हाही घेतले, फक्त जुने ठसे होते कागदी कार्डांवर आणि त्यातली बरीच कार्डं कॉम्प्युटरमध्ये कोणी चढवलीच नव्हती. असे सुमारे 1 लाख 48 हजार रेकॉर्ड त्या रिपोर्टात निघाले. म्हणजे बोटं खरी, मशीन चांगलं, पण शोधायचं कशात? अशा वेळी नव्या अर्जदाराच्या डोळ्याची बुबुळं पण स्कॅन केली तरी काय फरक पडणार होता, सांगा.

बरं हे झालं नको त्याला मिळाल्याचं. उलटंही होतं आणि ते मला जास्त लागतं. ब्रिटनमध्ये 1971 च्या इमिग्रेशन कायद्याने सांगितलं की 1 जानेवारी 1973 च्या आधीपासून इथे स्थायिक झालेल्या कॉमनवेल्थमधल्या (मुख्यतः ब्रिटनच्या जुन्या वसाहती) लोकांना राहायचा हक्क आहे. हक्क दिला, कागद दिला नाही. मग कित्येक वर्षांनी नियम कडक झाले आणि त्याच लोकांना, म्हणजे जे लहानपणी आईबापाबरोबर कॅरिबियनमधून आले, इथेच शिकले, टॅक्स भरून भरून म्हातारे झाले, त्यांना विचारायला लागले की तुम्ही इथे होतात याचा पुरावा द्या, तोही जवळजवळ प्रत्येक वर्षाचा. आणि त्यांच्या बोटीतून उतरल्याच्या नोंदी असलेली लँडिंग कार्डं होम ऑफिसने, म्हणजे तिथल्या गृहखात्याने, 2010 मध्ये नष्ट केलेली! लोकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार अडले, काहींना तर देशाबाहेर काढलं. 2018 च्या एप्रिलमध्ये सगळं पेटलं तेव्हा गृहमंत्री अंबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर म्हणतात ना, इथे बापाची नोंद सरकारनेच जाळली आणि वर पोराला विचारलं बाप कुठाय.

तुमच्या ऑफिसात ओळख आणि पार्श्वभूमी हे एकाच टिकमार्कमध्ये बसवतात असं मला वाटतं, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. हा माणूस कोण, हा एक प्रश्न. याने काय केलंय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जन्माच्या नोंदीत, पासपोर्टात, ठशांत असतं. दुसऱ्याचं पोलिसांकडे, कोर्टात, गुप्तचर खात्याच्या फायलींत. पहिला प्रश्न सुटला नसेल तर दुसऱ्याचं उत्तर कोऱ्याच कागदावर येतं, कारण खोट्या नावावर गुन्हा नसतोच ना. आणि पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर युनिसेफच्या 2024 च्या आकडेवारीप्रमाणे जगात पाच वर्षांखालच्या सुमारे 15 कोटी मुलांच्या जन्माची नोंदच झालेली नाही. ही मुलं मोठी होऊन कुठेतरी अर्ज करतील तेव्हा तुमच्या यादीतला पहिलाच कागद त्यांच्याकडे नसेल, आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नसेल.

यावर जर्मनीतल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 23 सप्टेंबर 2020 ला दिलेला निकाल मला फार आवडतो. त्यांनी पायऱ्या घातल्या. आधी पासपोर्ट किंवा फोटोवालं अधिकृत ओळखपत्र. ते मिळवणं खरंच शक्य नसेल किंवा तसं करायला सांगणं अन्यायाचं असेल तर दुसरे सरकारी कागद. तेही नसतील तर बाकीचे पुरावे, साक्षीदार वगैरे. आणि अगदीच काही नसेल तर, सगळ्या बाजूंनी तपासून, माणसाचं स्वतःचं सांगणं. यात ढिलाई कुठेच नाही, प्रत्येक पायरी का सोडली ते अर्जदाराला दाखवावं लागतं. पण दार कायमचं बंद होत नाही. साहेब, ही शिडी तुमच्या नियमात लेखी का नाही? निदान निर्वासितांसाठी तरी. ज्या सरकारपासून जीव वाचवून पळाला त्याच सरकारच्या वकिलातीत जाऊन चारित्र्याचा दाखला आण असं त्याला सांगताना तुमच्या क्लार्कला नाही तर तुम्हाला तरी काही वाटायला हवं. 1951 च्या निर्वासित कराराच्या कलम 34 मध्ये तर उलट लिहिलंय की या लोकांचं नागरिकत्व शक्य तितकं सोपं करा, फी सुद्धा कमी करा.

आता पार्श्वभूमीचं. इथे सगळ्यात मोठा आजार म्हणजे 'चौकशी चालू आहे'. अमेरिकेत मे 2007 मध्ये एफबीआयकडे इमिग्रेशन खात्याचे 3 लाख 29 हजार 160 नेम चेक (अर्जदाराचं नाव एफबीआयच्या फायलींत आहे का ते शोधणं) पेंडिंग होते आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश वर्षाहून जास्त काळ पडून होते. कारण तर ऐका, नाव फक्त आरोपींच्या फायलींत शोधत नव्हते, कुठल्याही तपासात कुणाचं नाव नुसतं उल्लेख म्हणून आलं असेल, साक्षीदार असेल, अगदी फिर्यादी असेल, तरी हिट लागणार, मग ती फाइल कागदी, ती कुठल्यातरी लांबच्या ऑफिसात, ती मागवा, कोणीतरी वाचा, तोवर अर्जदार बसलाय घरी. आणि गंमत (कसली गंमत म्हणा) अशी की तो माणूस खरंच धोकादायक असला तर तो एवढा सगळा वेळ देशातच राहतोय की! उशीर करून सुरक्षा वाढते हे गणित मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. तिथे निदान इंटरव्ह्यूनंतर 120 दिवसांत निर्णय आला नाही तर अर्जदार कोर्टात जाऊ शकतो अशी तरतूद आहे. तुमच्याकडे आहे का?

ओळखीच्या माणसांच्या शिफारशींबद्दल थोडंच बोलतो. ब्रिटनमध्ये दोन रेफरी लागतात, तीन वर्षं ओळखणारे. त्यांनी सही केली म्हणजे अर्जदार भला माणूस, असं. ठीक आहे, एक फॉर्मॅलिटी म्हणून असू दे, पण त्यावर विसंबू नका. ज्याचे हेतू वाईट त्याला दोन सह्या मिळवणं अवघड नसतं, आणि खरंच एकटा पडलेला माणूस तिथेच अडकतो.

आणि हे सगळं कडक कडक कुणासाठी? सायप्रसने गुंतवणुकीच्या बदल्यात 2007 ते 2020 मध्ये 6,779 जणांना नागरिकत्व दिलं, त्यात कुटुंबीयही आले, आणि चौकशी आयोगाने 2021 मध्ये सांगितलं की त्यातली 53 टक्के बेकायदेशीर होती. निम्म्याहून जास्त! गरिबाच्या फाइलमध्ये स्पेलिंगचा फरक निघाला की खुलासा द्या, आणि कोट्यधीशाच्या फाइलमध्ये पैसे कुठून आले हे बघायला कुणाला वेळ नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. माल्टाची तशीच स्कीम शेवटी युरोपियन युनियनच्या कोर्टाने 29 एप्रिल 2025 ला बेकायदा ठरवली.

तर माझं मागणं फार नाही. नवा फॉर्म काढायच्या आधी तुमच्या खात्याने एक ऑडिट करून जाहीर करावं, किती जुने रेकॉर्ड अजून कागदावर आहेत, किती हरवलेत, किती तुम्हीच फेकलेत. जी नोंद सरकारकडून गेली ती सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर टाकायचं नाही, हे नियमात लिहा. चौकशीला मुदत घाला, मुदत संपली की कारण लेखी द्या, आणि नाव कुणाच्या तरी नावाशी जुळलं म्हणून अडवलं असेल तर तो मी नव्हेच हे सांगायची संधी त्या माणसाला नकार देण्याआधी द्या, नंतर अपिलात नको. गुप्त माहिती असेल तर सगळी उघड करू नका, समजतं मला, पण आरोप काय आहे एवढा सारांश तरी द्या.

ऑडिटचं काम तुमच्याच खात्यातल्या माणसांना देऊ नका, बाहेरच्या कुणाला तरी द्या. उत्तराची वाट बघतोय, आणि उत्तरात 'चौकशी चालू आहे' लिहिणार असाल तर तारीखही टाका.

कळावे,
फायलीच्या अलीकडे बसलेला एक नागरिक