धुऱ्यावरची करडी आणि दुकानातला आर्टिचोक

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आर्टिचोक या परदेशी भाजीच्या चहाची चौकशी अलीकडे खेड्यापाड्यातही होते आणि पाठोपाठ 'आपल्या वावरात येईल का?' हा प्रश्न येतो. आर्टिचोकची खातात ती न उमललेली कळी. तिच्या खवल्यांचा मांसल बुडखा आणि मधला गाभा. चहा बहुतेक पानांचा, चवीला कडू. या पिकाला लांबलेला थंडावा लागतो. ऊन तापले की कळी निबर होऊन उघडते. विदर्भात फेब्रुवारीतच ऊन चटके देते, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याने त्यात पैसा घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण त्याच कुळातली करडी आपल्या धुऱ्यावर उभी आहे. तिच्या बोंडात गर नसतो, म्हणून आर्टिचोकसारखे ते खाता येत नाही. खायचे ते कोवळे पान आणि प्यायची ती पाकळी.

भाजी विरळणीच्या रोपांची करावी. उगवणीनंतर साधारण तीन आठवड्यांत, दोन रोपांत २० सेंमी अंतर ठेवताना जी उपटतो तीच. पुढे पानाला काटा धरतो आणि कडवटपणा वाढतो. बियाण्याला कीटकनाशक चोळले असेल, तर ही रोपे खाऊ नयेत. औषध रोपात भिनते. पाव किलो पाल्याला दोन मोठे चमचे भिजवलेली मूगडाळ, सात-आठ लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या. मीठ शेवटी घालावे, कारण पाला आळून मूठभर होतो आणि आधी घातलेले मीठ हमखास जास्त होते.

खरी हळहळ वाटते ती पाकळीची, कारण ती बोंडावरच वाळून झडून जाते. फूल उमलताच ती तोडू नये. पिवळी पाकळी केशरी-लाल होऊन कोमेजू लागली म्हणजे फळधारणा झालेली असते. तेव्हा चिमटीने हलकेच ओढली तर दाण्याचे नुकसान होत नाही; बोंड पिळून ओरबाडले तर होते. काम सकाळी दवात करावे, काटे मऊ असतात. मात्र दवाची ओल पाकळीसोबत घरी येते. पोत्यात दाबून ठेवली की दुपारपर्यंत ती गरम होते, मग काळी पडते, बुरशी धरते. आणल्याबरोबर सुती कापडावर पातळ पसरावी, सावलीत. उन्हात रंग उडतो. बोटांत चुरली जाईल इतकी वाळली की बरणीत घट्ट झाकणाखाली. माव्यासाठी फवारलेल्या पिकाची पाकळी घेऊ नये, ती धुवून निघत नाही.

एका कपाला चहाचा एक चमचा पाकळ्या पुरतात. पाणी उकळून खाली उतरवावे, मग पाकळी टाकून पाच मिनिटे झाकावे. चुलीवर उकळत ठेवली तर चहा उग्र होतो. पाण्याला पिवळा रंग येतो; लाल रंगद्रव्य पाण्यात फारसे उतरत नाही. विकतच्या पाकळीने पाणी लालभडक झाले, तर वरून रंग लावल्याचा संशय घ्यावा.

गरोदर बायांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा चहा घेऊ नये. गाजरगवतही करडीच्याच कुळातले, त्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही जपून. आर्टिचोकही त्याच कुळातला, तेव्हा ॲलर्जीची ही खबरदारी त्यालाही लागू.

काट्यांमुळे तोडणीला आणि कापणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून करडीची जागा हरभऱ्याने घेतली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा नारी-६ हा वाण बिनकाटेरी आहे. पाकळी घ्यायची असेल त्यांनी निदान दोन-चार तासे याची टाकावीत. करडीची पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते, म्हणून बियाण्याची माहिती आपल्या कृषी पुरवणीत पोळ्याच्या आसपास छापावी, ही विनंती. आणि वाळलेली पाकळी कुणी केशर म्हणून विकायला आणली, तर घेऊ नका. करडी करडीच्याच नावाने विकली जावी.

आपले,
करडी पिकवणारे शेतकरी
ता. मेहकर, जि. बुलडाणा