पट्टीवरच्या टिकल्या

दुर्बिणीशेजारच्या कानटोपीवाल्या काकांना,

स. न. वि. वि. नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघडं पत्र.

नववीत मी विचारलं होतं, "सगळ्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची ती प्रचंड बेटं, आपल्यापासून लांब पळतायत, म्हणजे विश्वाच्या मधोमध आपणच का?" सर म्हणाले, "परीक्षेला येणार नाही. बस खाली." वर्ग हसला. पुढची पस्तीस वर्षं मी बसूनच होते म्हणा ना.

त्या अमावास्येला माळावर तोच प्रश्न तुम्हाला विचारला, आणि मागे रांग ताटकळलेली असताना तुम्ही डोक्यावरच्या टॉर्चची इलॅस्टिकची पट्टी सोडवलीत, तिच्यावर इंचाइंचावर पेनाने ठिपके दिलेत. "कुठल्याही ठिपक्यावर बसा. मी ताणतो." पट्टी दुप्पट झाली. शेजारचा ठिपका इंचभर लांब गेला, त्याच्या पलीकडचा दोन इंच. जितकं अंतर जास्त तितका वेग जास्त, आणि बसायची जागा बदलली तरी तेच! मधोमध कुणीच नाही. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने १९२९ साली दाखवलेला नियम तो हाच. (आजचा आकडा: दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला साधारण ७० किलोमीटर. शाळेत तो पाठसुद्धा केला असता मी.)

पण आभार त्याचे नाहीत. मी म्हटलं, "काका, ठिपकेपण पसरले की! दीर्घिका थोड्याच फुगतात?" तुम्ही टॉर्च जवळ नेऊन पाहिलंत. "बरोबर. माझं चुकलं. टिकल्या आहेत का?"

पर्समधलं पाकीट निघालं. चिकटवलेल्या टिकल्या होत्या तेवढ्याच राहिल्या, ताणली गेली ती मधली पट्टी. दीर्घिकेला तिचं गुरुत्वाकर्षण बांधून ठेवतं. देवयानी ही आपली शेजारची दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने.

"माझं चुकलं." शिकवणाऱ्याच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं, तेही रांगेतल्या वीस माणसांसमोर. हुशार माणसं पुष्कळ भेटली, अशी कमीच.

पत्राला चार महिने लागले खरे. पण बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ लमेत्र यांनी विश्वाचं प्रसरण १९२७ सालीच मांडलं होतं, आणि हबलच्या त्या नियमाला त्यांचंही नाव जोडायची शिफारस जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी केली २०१८ साली. त्या मानाने मी लवकरच!

पट्टी खराब झाली तुमची. नवी आणून ठेवलीय, पुढच्या अमावास्येला घेऊन येते. जुनी मात्र मला द्या, टिकल्यांसकट.