नानांना हे घड्याळ सांग

प्रिय सुऱ्या,

माझी तब्येत बरी आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, चालायचंच. "नानांचा डावा डोळा गेला, घड्याळाचं दुकान विकायचं बोलणं चालू आहे" हा तुझा मेसेज आल्यापासून काय लिहावं तेच सुचत नव्हतं. काल प्रागला गेलो होतो, आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील एका घड्याळाचं काय एवढं.

जुन्या शहराच्या चौकात टाउन हॉलच्या भिंतीवर आहे ते, ओर्लोय म्हणतात त्याला. १४१० सालचं! आपल्याकडे तेव्हा बहमनींचं राज्य होतं रे, आणि हे अजून चालू आहे. तास व्हायला आला की ही गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर. सांगाडा घंटा वाजवतो, दोन खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित (शिष्य) फिरून जातात, आणि शेवटी कोंबडा आरवतो. काय तो आवाज, डिट्टो आपले पीटीचे सर! मी एकटाच मोठ्यांदा हसलो.

कोंबडा झाला की लोक पांगतात, आणि खरं घड्याळ तर तेव्हाच नीट दिसतं. तबकडीवर बारा राशींचं एक कडं फिरत असतं, आणि डाव्या बाजूला क्षितिज रंगवलंय. राशीचं कडं तिथं क्षितिजाला जिथं छेदतं ती त्या क्षणाला उगवणारी रास, म्हणजे चक्क पत्रिकेतलं लग्न! नाना पंचांग उघडून बोटांवर मोजत बसायचे ते इथं भिंतीवर दिसतंय. बाहेरच्या कड्यावर सोनेरी आकड्यांत जुने बोहेमियन, म्हणजे इथले पूर्वीचे, तास आहेत, ते सूर्यास्तापासून मोजतात. सूर्यास्त रोज पुढंमागं होतो म्हणून ते कडंही सरकत राहतं. आपल्या घटका सूर्योदयापासून, यांचे तास मावळतीपासून, नानांना हे सांगितलंस तर तासभर तरी सोडणार नाहीत तुला.

चंद्राचा छोटा गोळा आहे, अर्धा काळा अर्धा चंदेरी. तो काट्याबरोबर फिरताना आतल्या वजनामुळे स्वतःभोवती हळूहळू वळतो आणि कला दाखवतो.

आता आपलं भांडण. दहावीच्या सुट्टीत नाना आपल्याला चाकांचे दाते मोजायला बसवायचे, आणि तू म्हणायचास एक दाता इकडं तिकडं झाला तर काय आभाळ कोसळतं का, आणि त्यावरून आपण दोन दिवस बोललो नव्हतो. तर ऐक. इथं एकाच मध्याभोवती तीन मोठी चाकं आहेत. सूर्याच्या चाकाला ३६६ दाते, राशींच्या चाकाला ३६५, चंद्राच्याला ३७९, आणि तिघांना फिरवणारी छोटी चाकं अगदी सारखी, प्रत्येकी २४ दात्यांची. फक्त एक दाता कमी म्हणून राशींचं कडं वर्षात सूर्यापेक्षा एक फेरी जास्त मारतं. सुऱ्या, एका दात्यावर अख्खं आकाश बसवलंय! बोल आता.

पण मला झोप आली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. तिथं दंतकथा सांगतात की घड्याळ करणाऱ्या हानुशचे डोळे नगराच्या पंचांनी फोडले, म्हणजे त्यानं दुसरीकडं असं घड्याळ करू नये. कथाच आहे ती, असं काही झालेलं नाही. पण ऐकताना मला नानाच दिसले, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, केसासारखी बारीक बालकमान उचलताना श्वास धरलेले. खरा कारागीर कादान गावचा मिकुलाश, आणि त्याच्या जोडीला बहुतेक गणिताचा प्राध्यापक यान शिंडेल. घड्याळ सांभाळणाऱ्या यान ताबोर्स्कीनं १५७० मध्ये त्याची सगळी माहिती लिहून ठेवली, पण कर्ता म्हणून नाव दिलं हानुशचं, आणि मिकुलाशचं नाव जगाला कळायला विसावं शतक उजाडलं, १४१० चाच एक कागद पुढं आला तेव्हा. म्हणजे घड्याळ राहिलं आणि ज्यानं केलं तो माणूस साडेतीनशेहून जास्त वर्षं नाहीसा झाला.

म्हणून सांगतो, दुकान विक किंवा ठेव, तो तुझा निर्णय, त्यात मी पडणार नाही. भाड्याचे प्रश्न, औषधांचा खर्च, सगळं तुझ्या डोक्यावर आहे आणि मी इथं लांब बसून काय बोलू. पण नानांचा उजवा डोळा आहे तोवर त्यांच्यासमोर बस. मोबाईल लाव आणि त्यांना बोलू दे, कुठली कमान कशी ओढायची, लंबकाखालचा नट उन्हाळ्यात किती फिरवायचा, देवळातल्या त्या मोठ्या घड्याळाचं ते एक चाक त्यांनी स्वतः कानशीनं घासून बसवलं होतं ना, ते पण. हे कुठंच लिहिलेलं नाही. हत्यारांची पेटी भंगारात देऊ नकोस, मी येतोच आहे दिवाळीत, न्यायला लागली तर मी नेतो.

वहिनींची बदली झाली का? चिन्मयच्या ॲडमिशनचं कळव, हॉस्टेल मिळालं तर बरं. काकूंना नमस्कार.

आणि नानांना हे दात्यांचं कोडं आधी घाल, उत्तर सांगू नकोस. किती वेळात सोडवतात ते कळव.

तुझा,
अव्या